पदर मोकळा, मशीन सात

कडूबा भाऊंचं रजिस्टर आणि माझे डोळे यांचं काही केल्या पटत नव्हतं. रजिस्टरात बहुतेक रोज लिहिलेलं असायचं, 'पदर मोकळा, बाया आठ.' आणि मी शेडमध्ये जाऊन बघावं, तर आठच्या आठ जणींचे पदर कमरेला गच्च खोचलेले. एखाद दिवस चुकलं असेल म्हणून मी सोडून दिलं. पण महिना उलटला तरी हेच, तेव्हा माझं डोकं फिरायची वेळ आली. आमच्या दोघांपैकी कुणीतरी एक खोटं होतं, आणि माझ्या डोळ्यांवर माझा तोवर चांगला भरवसा होता.

मी हिमानी. मूळची बुलढाण्याची. वडील नीळकंठ, आयुष्यभर क्लार्क, त्यामुळे कागदावर जे आहे ते खरं, हे बाळकडू मला घरातच मिळालं. औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करून दिवाळीनंतर मी गुलाबराव शेठच्या जिनिंगमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून लागले. वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेला लागून ही जिनिंग. मी नांदुऱ्याला खोली घेतली होती आणि रोज स्कूटीवर ये-जा करत होते. पद मोठं, पगार बेताचा, आणि हाताखाली माणूस म्हणाल तर एकटे मुकादम कडूबा भाऊ. साठीला टेकलेले, पांढरी टोपी, हातात वेळूची काठी, आणि अक्षर एखाद्या जुन्या मास्तरासारखं वळणदार.

शेडमध्ये ओळीनं नऊ जीन मशीन होत्या. प्रत्येकीसमोर एक बाई. समोरचा कापूस हातानं आत सारायचा, आतले रूळ रुई एकीकडे ओढतात, सरकी खाली पडते. रुळांपुढं लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. आवाज इतका, की शेजारणीच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय शब्द पोहोचत नाही. आणि हवेत रुई तर अशी तरंगत असते, की तासाभरात माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात.

आल्या आल्या मी पहिलं काम केलं ते तक्ता लावण्याचं. छान रंगीत, छापील तक्ता होता. त्यातल्या बाईच्या अंगावर पँट-शर्ट होता, डोक्याला टोपी होती, चेहऱ्यावर हसू होतं. 'यंत्राजवळ डोक्याला, गळ्याला सैल कापड नको.' माझ्या नऊ जणी तेव्हा डोक्याला रुमाल बांधून यायच्या. चांगला मोठा, कपाळापासून मानेपर्यंत गुंडाळलेला, आणि मागं गाठीची वीतभर टोकं लोंबणारी. ती टोकं रुळांत अडकली तर बाईचं डोकंच ओढलं जाईल. दुसऱ्या दिवसापासून रुमाल बंद, असा लेखी हुकूम मी वीस नोव्हेंबरला काढला आणि खाली झोकात सही केली. सहीखालची तारीख पुढं माझ्या इतकी कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

रुमालांच्या जागी अकोल्याहून टोप्या मागवल्या. त्या आल्या त्या पुरुषांच्या मापाच्या. बायांच्या अंबाड्यावर त्या बसेनात. पुढं ओढावी तर मागून उडते, मागं ओढावी तर कपाळावरून सरकते. हातमोज्यांचं तेच, मास्कचं तेच. पूनमनं एक मोजा घातला तर बोटांची टोकं रिकामीच डोलायला लागली, आणि सगळ्या जणी हसल्या. मीही हसले आणि खोकं कपाटात टाकलं. टोप्या नाहीत तर नाहीत, केस घट्ट बांधा आणि पदर कमरेला खोचा, बास, असं मी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त पूनम म्हणाली, की डोकं उघडं राहते ना मॅडम. मी म्हटलं, रुई बसेल एवढंच ना, मग रोज डोक्यावरून न्हा. प्रश्न सुटला, असं समजून मी पुढच्या कामाला लागले.

ही पूनम सात नंबरच्या मशीनवर होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, काटक, आणि कामात अशी, की मशीनचा आवाज जरा बदलला तर फिटरच्या आधी तिला कळायचं. तिचा हा तिसरा हंगाम. तीन हंगाम पुरे करणाऱ्या बाईला कायम ऑपरेटर करायचं, असं शेठनी कबूल केलेलं होतं. बारा महिने काम. कायम झालेली एकही बाई त्या जिनिंगमध्ये तोवर नव्हती. पूनमला ती पहिली व्हायचं होतं आणि ते तिनं मला तोंडानं सांगितलं होतं. म्हणाली, "शेतात कोणी मले ऑपरेटर म्हनत नाही, मॅडम. इथं म्हनते."

आता रजिस्टराचं सांगते. पदर तपासायच्या फेऱ्या कडूबा भाऊंच्या, दिवसातून दोन. त्यांनी नोंद करायची, मी खाली सही करायची, शनिवारी शेठनी बघायचं. पहिल्या शनिवारी शेठ म्हणाले सुरुवात आहे, चालायचंच. दुसऱ्या शनिवारी भुवया वर गेल्या. जानेवारीत त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की एकीला खाली उतरवा, बाकीच्या आपोआप सुधारतील. कुणाला, तर जिच्या नावावर सगळ्यात जास्त नोंदी तिला. मी मोजल्या. सगळ्यात जास्त पूनमच्या. आणि त्या जास्त का, तर बाकीच्या सात जणींचे अधूनमधून खाडे होते आणि पूनमनं दोन महिन्यांत एकही खाडा केला नव्हता. मी हे शेठना सांगून पाहिलं. ते म्हणाले, नोंद ती नोंद. अखेर ठरलं असं, की एकतीस तारखेच्या शनिवारी पूनमचं नाव रजिस्टरात आलं, तर ती मशीनवरून खाली आणि कायम होण्याचं नाव विसरायचं.

मी त्याच दुपारी पूनमला बाहेर बोलावलं आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, "माझा पदर खोचेलच असते, मॅडम."

मग कडूबा भाऊ खोटं लिहितात का, असं मी विचारलं. तिनं जीभ चावली आणि मान हलवली.

"मामंजी खोटं नाही लिहित. ते खोटं बोलनारे मानूस नाहीत."

दोन्ही खरं कसं असेल, हे मी तिला तीन प्रकारे विचारलं. तिन्ही वेळा ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी दिवसा सूर्य कुठं आहे ते विचारतेय. आणि मग कापूस पडलाय म्हणून निघून गेली.

नववी बाई शालूबाई. तिचं नाव रजिस्टरात एकदाही नव्हतं. पन्नाशीची बाई, नवरा गेल्यावर भावाच्या आश्रयाला माहेरी वडनेरला परत आलेली, तोंडानं फटकळ. तिच्यावर कडूबा भाऊंची मेहेरनजर का, हेही मला उमगेना. वर आणखी एक कोडं. बायांच्या संडासाची किल्ली कडूबा भाऊंच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असायची, आणि ती मागायला जायची फक्त शालूबाई. दिवसातून दहा-दहा वेळा. मला वाटलं हिला साखरेचा आजार असणार. मी मोठ्या काळजीनं तिला बाजूला घेऊन रक्त तपासून घ्या म्हणाले. शालूबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याच तब्येतीची चौकशी केली.

शेवटी मी ठरवलं, एकदा कडूबा भाऊंच्या सोबतच फेरी मारू. एक घाव दोन तुकडे. गेलो. शेडच्या दाराशी लोखंडी पाइप आहे, त्यावर त्यांनी काठीनं तीनदा ठोकलं, ठण ठण ठण. मला वाटलं पाइप तपासतायत. आत गेलो, आणि बघते तर काय, आठही जणींचे पदर खरोखरच मोकळे! कमरेतून निघालेले, डोक्यावरून घेतलेले. फक्त शालूबाईचा खोचलेला. म्हणजे माणूस खरा होता. मी कडूबा भाऊंकडे वळले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे, मान खाली, रजिस्टरात लिहितायत. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, तर सगळे पदर पुन्हा कमरेला. मला वेड लागायचंच काय ते बाकी होतं. खोलीवर जाऊन मी वहीत दोन रकाने पाडले, माझी वेळ आणि त्यांची वेळ, हवा कशी होती, चहा आधी की नंतर. काही हाती लागलं नाही.

मग मी माझ्या हुशारीनं एक अर्थ लावला. बाया मला घाबरतात, कारण मी अधिकारी. कडूबा भाऊंना मोजत नाहीत, कारण ते गावचेच. तेव्हा उपाय एकच, त्यांचा वचक वाढवायचा. मी त्यांच्या फेऱ्या दोनाच्या चार केल्या आणि जरा कडक राहा म्हणून बजावलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. बायांना मी तोंडावर काही बोलणार नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं. का, विचारलं तर म्हणाले शोभत नाही. मी मनात म्हटलं, अशानंच तर डोक्यावर बसल्यात. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

एकोणतीस तारीख, गुरुवार. सकाळची दुसरी फेरी. मी शेडच्या कडेला रुईच्या गाठींमागं आग विझवायच्या बादल्या मोजत होते. मी तिथं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. नऊ जणी काम करत होत्या आणि सगळ्यांचे पदर व्यवस्थित खोचलेले होते. तेवढ्यात दारातून ठण ठण ठण झालं.

आणि आठ डावे हात एकदम कापसातून निघाले. कमरेशी गेले, पदर उपसला, झटक्यात डोक्यावर घेतला. उजवे हात तसेच कापूस सारत होते. आठ जणी, एकाच क्षणी, मशीनकडे न बघता. कवायत असावी तसं. मी बादली हातात धरून बघत राहिले. दिसत होतं सगळं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला जो वेळ लागला, तेवढ्यात सात नंबरला पूनम पुढं वाकली. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला, त्याचं टोक जाळीपाशी गेलं आणि आत ओढलं गेलं.

ती ओरडली असणार. त्या आवाजात ऐकू आलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की तिची मान खाली खाली चाललीय आणि दोन्ही हातांनी ती गळ्यातलं कापड धरून मागं रेटतेय. सात नंबरच्या खांबावरच मशीन बंद करायचं लाल बटण आहे. त्या खांबाला टेकून कडूबा भाऊ उभे होते. हात लांब केला असता तर पोहोचला असता. पण ते भिंतीकडे तोंड करून लिहीत होते. मी ओरडले, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. नऊ नंबरवरून शालूबाई पळत आली, कडूबा भाऊंना खांद्यानं बाजूला ढकललं आणि बटणावर मूठ मारली. रूळ आणखी दोन फेरे फिरून थांबले. पूनमचं कपाळ जाळीला टेकलं होतं.

कात्रीनं पदर कापला. पूनमच्या गळ्याला लाल पट्टा उठला होता, डाव्या हाताची सालटी निघाली होती, पण श्वास चालू होता. कडूबा भाऊंच्या हातातून रजिस्टर पडलं होतं. ते मी उचललं. पान उघडं होतं आणि त्यावर त्या फेरीची नोंद पूर्ण होती. वळणदार अक्षरात आठ नावं, सातवं पूनमचं.

नांदुऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मलम लावून दिलं आणि एक दिवस घरी राहायला सांगितलं. परत येताना शालूबाई आणि पूनम माझ्याबरोबर रिक्षात होत्या. अपघाताचा फॉर्म माझ्या मांडीवर होता आणि त्यात कारण लिहायला एक ओळ होती. मी विचारलं, की पाइप वाजला आणि तुम्ही सगळ्यांनी पदर का काढला.

पूनमचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "मामंजी आले ना."

मग शालूबाईनं मला समजावून सांगितलं, जसं लहान पोराला सांगतात तसं. आठही जणी वडनेरच्या सुना. कडूबा गावातले जाणते, कुणाचे सासरे लागतात, कुणाचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढं सून उघड्या डोक्यानं उभी राहत नाही. आणि भला माणूस सुनांमध्ये न सांगता शिरत नाही, आधी खाकरतो. जिनिंगमध्ये खाकरलेलं ऐकू येत नाही म्हणून ते पाइप ठोकतात. ठोकून आत आले तरी सुनांकडे बघत नाहीत, भिंतीकडे वळतात. शालूबाईचं तसं नाही, ती गावची लेक, कडूबा तिचे भाऊ. म्हणून तिचा पदर खोचलेला. म्हणून किल्ली मागायलाही तीच जाते, सुनेनं सासऱ्याकडे संडासाची किल्ली कशी मागायची.

"आन् तुम्ही माझी शक्कर तपासाले निघाल्या," ती म्हणाली.

हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग पूनम हळूच बोलली.

"रुमाल होता तवा बरं होतं, मॅडम. डोकं झाकेल राहे. मामंजी आले काय, गेले काय, हात कामावरच राहे. तो तुम्ही काढाले लावला."

रिक्षा चालली होती आणि मला उतरून जावंसं वाटत होतं. लाज वाटली म्हणणं फार थोडं झालं. त्या बायांनी धोका ओळखून आपला आपण उपाय केलेला होता. टोकं लांब होती, तर टोकं कापा म्हणायचं होतं. मी अख्खा रुमाल काढला, सासऱ्याला दोनदा पाठवलं, मग चारदा पाठवलं. जितक्या वेळा मी त्यांना सुरक्षित करायला निघाले, तितक्या वेळा आठ पदर रुळांसमोर मोकळे झाले.

कडूबा भाऊ जिनिंगच्या फाटकाशी उभे होते. टोपी हातात. इतका गोंधळलेला माणूस मी पाहिला नाही. मी आलो की सुना डोक्यावर पदर घेणारच, ते बघावं कशाला लागतं, आणि तुम्ही म्हणाल्या पदर खोचेल नसला की लिहा, म्हणून लिहिलं, असं ते म्हणाले. पण डोक्यावर पदर घेतला म्हणून मी सुनेला रागवू कसा? आणि न ठोकता आत जाऊ कसा? त्यांनी हे मला खरोखरच विचारलं, उत्तर मिळेल म्हणून. मीच त्यांना नुसतं विचारलं, की शेडमध्ये गेल्यावर तुम्ही कधी समोर बघितलंय का. ते म्हणाले, दोन वर्षांत नाही.

मी फॉर्म भरला. कारणाच्या ओळीत लिहिलं, 'सुरक्षा अधिकाऱ्याचा वीस नोव्हेंबरचा हुकूम.' शेठनी तो दोनदा वाचला. म्हणाले मॅडम, तुम्ही मनाला लावून घेताय, हुकमानं कुणाचा पदर ओढला जात नाही, आणि तक्ता तर छापील आहे. पदर मोकळा होता म्हणूनच गेला, हे तुमच्या रजिस्टरात दोन महिन्यांपासून लिहिलेलंच आहे, खाली तुमच्याच सह्या आहेत. शनिवारचं शनिवारी बघू. नाव आलं तर पूनम खाली.

सह्या माझ्याच होत्या. त्या संध्याकाळी मी शालूबाईला म्हटलं की शनिवारी कडूबा भाऊंना फेरीलाच जाऊ देत नाही. ती म्हणाली, मंग रजिस्टर कोरं राहीन आणि शेठ म्हणतील मॅडमनं लपवलं. तिचं बरोबर होतं. मी विचारलं, मग काय करायचं. तिनं दवाखान्याच्या पिशवीतून पूनमची कापलेली साडी घेतली आणि निघून गेली.

शनिवारी सकाळी नऊ जणी शेडमध्ये आल्या त्या डोक्याला टोप्या घालून. जांभळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या, पूनमच्या साडीच्या. शुक्रवारभर बसून शालूबाईनं शिवल्या होत्या. मागं अंबाडा मावेल एवढी जागा, पुढं कपाळापर्यंत कड, आत रबर, आणि टोक एकही नाही. मी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली. डिप्लोमाच्या दोन वर्षांत मला असं काही सुचलं नसतं. सासऱ्यापुढं हे चालेल का, असं मी विचारलं. पूनमच्या गळ्यावरचा पट्टा आता काळसर झाला होता. ती म्हणाली, डोकं झाकेल हाये ना. तरी तिचा हात कमरेवरच होता, पदराशी. दोन महिन्यांची सवय, पाइप वाजला की तो हात काय करेल ते तिलाही सांगता येत नव्हतं.

मी यावेळी मुद्दाम शेडच्या मधोमध उभी राहिले. दारातून ठण ठण ठण झालं. आठ हात कापसात थबकले. एखाद-दुसरा कमरेकडे निघालासुद्धा. पूनमचा निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि परत कापसावर गेला. आठही पदर जागेवर राहिले.

कडूबा भाऊ आत आले आणि सवयीनं भिंतीकडे वळले. रजिस्टर उघडलं. मग त्यांनी मान वळवून, चोरून, ओळीकडे बघितलं. आठ झाकलेली डोकी. कुठं बघावं हे त्यांना कळेना. पायाकडे बघितलं, छताकडे बघितलं. पेन कानाला लावलं, काढलं. शेवटी ते भिंतीपासून सुटले आणि एक नंबरपासून हळूहळू चालायला लागले. बायांकडे बघायचं नाही म्हणून मशीनकडे बघत. सातपर्यंत आले आणि थांबले. वाकले. काठीचं टोक जाळीला लावून त्यांनी जाळी ढकलली. ती दारासारखी आत गेली आणि परत आली.

त्यांनी मला हातानं बोलावलं. पूनमनं लाल बटण दाबलं.

"मॅडम, हे जाळी एका नटावर लटकून राह्यली," कडूबा भाऊ म्हणाले. "जाळी धड असती तर पदर आत गेलाच नसता. आन् आपन पाह्यलंच नाही."

दुसऱ्या बाजूला नटाचं भोक रिकामं होतं. कडेला गंज चढला होता, म्हणजे परवाचं नव्हे. मी पूनमला विचारलं, हे कधीपासून.

"दिवाळीपासून हालून राह्यली ते," ती म्हणाली. "मामंजीले कशी सांगू? आन् तुम्ही आल्या की आमच्या कंबरा पाहून जाता."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सांगितलं. माझ्या वहीत दोन रकाने होते, हवा कशी होती ते होतं, चहाची वेळ होती. जाळी कुठंच नव्हती.

कडूबा भाऊंनी खांबाला टेकून रजिस्टर गुडघ्यावर घेतलं. बाईचं नाव, या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं, 'मशीन सात.' पुढं लिहिलं, 'जाळी मोकळी.' आणि वही माझ्यापुढं धरली. पूनम मशीनवर असून पानावर तिचं नाव नाही, असं नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच झालं होतं.

"आता शेठ कोनाले खाली उतरवतीन, मॅडम?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

मी सही केली आणि फिटरला बोलवा म्हणून सांगितलं. कडूबा भाऊ काठी टेकत गेले. पूनम रिकाम्या भोकात बोट घालून बघत होती, किती नंबरचा नट लागेल म्हणून. शेठ बारा वाजता येणार होते. मी वही मिटली आणि बाकीच्या आठ मशीनकडे गेले, त्यांच्या जाळ्या मी अजून एकदाही हलवून बघितल्या नव्हत्या.